बोरघाटातला ‘खेकडा’ आणि ‘प्रथमच’ नावाची थाप

१/
विजेवर चालणाऱ्या मोटारीची महती सांगताना हल्ली एक गोष्ट हटकून सांगितली जाते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, थांबते, आणि थांबता थांबता बॅटरीत वीजही भरते. ब्रेकच्या पेडलला पाय लावण्याची गरज फारशी उरत नाही. या चालवण्याच्या पद्धतीला ‘वन-पेडल ड्रायव्हिंग’ म्हणतात आणि त्यामागच्या तंत्राला ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’. येथवर सारे खरे आहे. थाप सुरू होते ती पुढच्या शब्दापासून : ‘प्रथमच’.

२/
हा शब्द निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही. एखादी गोष्ट आजच जन्मली असे मानले की तिचे गुणदोष आजच्या विक्रेत्यालाच विचारावे लागतात. तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे असे कळले की प्रश्न बदलतात : ती पूर्वी कुठे चालली, कुठे फसली, आणि एकदा हाती आलेली विद्या मध्येच बाजूला का पडली? हा थ्रेड त्या इतिहासाविषयी आहे. त्याचा रोख मात्र दोन्हीकडे आहे : ‘प्रथमच’ म्हणणाऱ्यांवर, आणि ‘हे तर आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होते’ अशी मिशीला पीळ देणाऱ्यांवरही.

३/
आधी तत्त्व. विजेची मोटर आणि वीज निर्माण करणारे जनित्र ही मुळात दोन यंत्रे नव्हेत. एकाच यंत्राच्या त्या दोन अवस्था आहेत. वीज दिली की आस फिरतो. आस बाहेरून फिरवला की वीज निघते. उतारावर गाडीची चाके मोटर फिरवू लागतात आणि मोटर जनित्र होते. ती वीज कोणी वापरू लागले की आसाला विरोध होतो. हा विरोध म्हणजेच ब्रेक. ‘कोणी वापरू लागले की’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. पुढचा सगळा वाद त्यांच्याभोवतीच आहे.

४/
हे तत्त्व रस्त्यावर आणायला एकविसावे शतक उजाडावे लागले नाही. पॅरिसमध्ये लुई क्रिएजे हा अभियंता १८९० च्या दशकात घोडागाड्यांचे रूपांतर विजेच्या गाड्यांत करत होता. पुढच्या प्रत्येक चाकाला एक मोटर, आणि त्या मोटरीत वीज परत मिळवण्यासाठी वेटोळ्यांचा दुसरा संच, अशी त्याची रचना होती. म्हणजे ज्या काळात पेट्रोलची मोटार स्वतःच नवलाईची होती, त्या काळात विजेची मोटार उतारावर वीज परत घेत होती.

५/
त्यानंतर इंग्लंडातल्या ट्राम. जॉन रावर्थ याने १९०३ पासून या पद्धतीची पेटंटे घेतली आणि डेव्हनपोर्ट, बर्मिंगहॅम, क्रॉयडन, रॉटनस्टॉल अशा ठिकाणच्या ट्रामवर ती बसली. मात्र रॉटनस्टॉलला गंभीर अपघात झाला आणि १९११ मध्ये ब्रिटिश ट्रामवर या पद्धतीला बंदी आली. ती उठून पद्धत परत यायला सुमारे वीस वर्षे लागली. जाहिरातीतल्या इतिहासात हे प्रकरण येत नाही, कारण त्यात तंत्र पुढे जात नाही, मागे येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र नेमके तेच प्रकरण मोलाचे वाटायला हवे.

६/
रेल्वेत अडचण वेगळी होती. त्या काळी डीसी विजेवरच्या इंजिनांत बहुतेक ‘सिरीज’ मोटर असे. तिचे चुंबकीय क्षेत्र तिच्याच प्रवाहावर अवलंबून असल्यामुळे तिला जनित्र म्हणून स्थिर चालवणे अवघड जाई. त्यासाठी क्षेत्राला वेगळा वीजपुरवठा करणारी यंत्रणा जोडावी लागे. हंगेरियन अभियंता काल्मान कांडो याने वेगळी वाट धरली. उत्तर इटलीतील वाल्तेलिना मार्गावर १९०२ मध्ये त्याने थ्री-फेज विजेवर गाड्या चालवल्या. थ्री-फेज इंडक्शन मोटर ठरावीक वेगाच्या पुढे ढकलली गेली की स्वभावतःच वीज परत देऊ लागते. जेनोआजवळच्या जोव्ही घाटात १९१० पासून अशीच इंजिने चढउतार करू लागली.

७/
अमेरिकेत मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने १९१५ पासून मोंटाना आणि आयडाहोच्या पर्वतरांगांतला मार्ग ३,००० व्होल्ट डीसी विजेवर आणला. तेथे उतरणारी मालगाडी तारेत वीज परत सोडत असे आणि उपकेंद्रांतली यंत्रे ती उलट दिशेने पुढे पाठवू शकत. लाभ केवळ विजेचा नव्हता. मैलोगणती उतारावर ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासून तापण्याचा प्रकार कमी झाला. डोंगरात गाडी चालवणाऱ्याला विजेच्या बिलापेक्षा याचे महत्त्व अधिक होते.

८/
आता सह्याद्री. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची, म्हणजे ५५८ मीटरची चढण; काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट. कड्यावर वळण घ्यायला जागा नव्हती म्हणून खंडाळ्याजवळ एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते : गाडी तेथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि प्रवास उलट दिशेने पुढे सुरू व्हायचा. वाफेच्या इंजिनांना चढ कठीण होताच, परंतु जिवावरचा होता तो उतार. सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ ठेवावी लागली. गाडी पूर्ण थांबून ताब्यात आहे हे सिद्ध झाल्याशिवाय पुढचा मार्ग मिळत नसे.

९/
मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली. जीआयपी रेल्वेची ही १,५०० व्होल्ट डीसी यंत्रणा १९२९ मध्ये बोरघाट चढून पुण्यापर्यंत पोहोचली आणि १९३० मध्ये थळघाट चढून इगतपुरीला. मुख्य मार्गासाठी कल्याणजवळ ठाकुर्ली येथे रेल्वेने स्वतःचे वीजघर उभारले. नव्या बोगद्यांमुळे रिव्हर्सिंग स्टेशनची गरज संपली. पुढच्याच वर्षी विजेच्या इंजिनामागे डेक्कन क्वीन धावू लागली.

१०/
या घाटांतल्या मालवाहतुकीसाठी आणलेले इंजिन म्हणजे पुढे ‘डब्ल्यूसीजी-१’ या नावाने ओळखला गेलेला वर्ग. एकूण ४१ इंजिने; पहिली दहा स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात आणि उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली; विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. पुढे-मागे लांब नाक, मध्ये केबिन, वळणावर तिन्ही भाग वेगवेगळे वळणारे. युरोपात अशा घाटणीला ‘मगर’ म्हणत. येथल्या रेल्वे कामगारांनी त्याच्या चमत्कारिक आवाजांवरून त्याला ‘खेकडा’ म्हटले. या खेकड्याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग होते.

११/
त्याचा अर्थ काय, हे हिशेबाने पाहावे. ५०० टनांची एक गाडी लोणावळ्याहून कर्जतला उतरते असे धरू. ५५८ मीटर उतरताना तिच्यातली सुमारे ७६० युनिट ऊर्जा मोकळी होते. रुळांचे घर्षण आणि मोटरमधली तूट वजा जाता हाती येणारी वीज त्याहून बरीच कमी असते. परंतु वाफेच्या काळात ही सगळीच्या सगळी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांच्या धावांत उष्णता होऊन वाया जात असे. याच डोंगराच्या पायथ्याशी खोपोलीला लोणावळ्याच्या तलावांतले पाणी उतरवून टाटांचे वीजघर १९१५ पासून वीज करत होते. उतरणारे पाणी आणि उतरणारी मालगाडी यांचे गणित एकच आहे.

१२/
आता मुद्द्याचा प्रश्न : खेकड्याने परत दिलेली वीज जायची कुठे? इंजिनावर ती साठवण्याची सोय नव्हती. ती डोक्यावरच्या तारेत जायची, आणि त्याच वेळी त्याच तारेखाली घाट चढणारी दुसरी गाडी असेल तर ती तिच्या उपयोगी पडायची. चढणारी गाडी नसेल तर उपकेंद्राने ती उलट घ्यायला हवी. फिरत्या यंत्रांचे उपकेंद्र ती घेऊ शकते. साधा रेक्टिफायर वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्याला ती घेता येत नाही. घेणारा कोणीच नसेल तर तारेतला दाब वाढतो आणि विजेचा ब्रेक लागेनासा होतो.

१३/
म्हणून हे तंत्र केवळ इंजिनात नसते. ते वेळापत्रकात असते : उतरणारी गाडी सोडताना चढणारी कोठे आहे, याचे भान ठेवणाऱ्या माणसात. ते उपकेंद्राच्या रचनेत असते. तार अखंड राखणाऱ्या गँगमध्ये असते. आणि विजेने दगा दिला तर हवेचा ब्रेक नेमका कधी ओढायचा, हे हातात मुरलेल्या ड्रायव्हरमध्ये असते. ‘पहिले इंजिन कोणाचे’ असे विचारणारा इतिहास या चौघांपैकी एकालाही पाहू शकत नाही. या थ्रेडचा मुख्य आक्षेप हाच आहे.

१४/
त्या इतिहासाला आणखी एक गोष्ट दिसत नाही : विसर. भारतीय रेल्वेने पुढे २५,००० व्होल्ट एसी विजेचा मार्ग धरला. निर्णय योग्य होता. लांब पल्ल्यांसाठी तो स्वस्त आणि सुटसुटीत होता. परंतु त्या पिढीतल्या रेक्टिफायर बसवलेल्या इंजिनांना वीज तारेत परत पाठवता येत नव्हती. विजेचा ब्रेक जेथे होता तेथे तो ‘रिओस्टॅटिक’ होता, म्हणजे मोटरने निर्माण केलेली वीज इंजिनावरच्याच रोधकांत जाळून टाकायची. खेकडा जी ऊर्जा परत देत असे, ती नंतरच्या, अधिक बलवान इंजिनांनी कित्येक दशके हवेत सोडली.

१५/
परत देणारी इंजिने मोठ्या प्रमाणावर आली ती १९९५-९६ मध्ये एबीबीकडून डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ हे थ्री-फेज वर्ग आल्यानंतर. दिल्ली मेट्रोचा रिजनरेटिव्ह ब्रेकिंगचा प्रकल्प २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन श्रेयांसाठी नोंदला गेला. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरही त्याच सुमारास वीज परत देणारे नवे रेक आले. यातील प्रत्येक टप्पा स्तुत्य आहे. परंतु प्रत्येक टप्प्याला ‘प्रथमच’चे तोरण बांधताना मध्ये काय हरवले होते, याची चर्चा झाली नाही. प्रगतीची रेषा सरळ वर जाते, हा समज जेथे पक्का असतो तेथे विसर पडला हेही कोणाला कळत नाही.

१६/
मिलवॉकी रोडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिने १९७४ मध्ये आपले विद्युतीकरण गुंडाळले आणि डिझेल पत्करले. तांब्याच्या तारा भंगारात गेल्या. ते वर्ष कोणते होते? तेलाच्या किमती जगभर भडकल्या होत्या, ते. तंत्र निकामी झाले म्हणून ते गेले नाही. यंत्रणा जुनी झाली होती, तिच्यावर पुन्हा पैसा घालायचा की नाही असा प्रश्न होता, आणि व्यवस्थापनाने ‘नाही’ म्हटले.

१७/
येथे एक रास्त आक्षेप येईल : ती रेल्वे, ही मोटार, तुलना कशी व्हावी? मोटारीत खरोखर काही नवे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. वीज घेणारा आता गाडीबरोबरच प्रवास करतो; बॅटरी हीच ती चढणारी दुसरी गाडी. १९९७ मध्ये जपानात आलेल्या टोयोटा प्रिअसने हे मोठ्या संख्येने करून दाखवले. विजेचा ब्रेक आणि घर्षणाचा ब्रेक चालकाला न जाणवता एकमेकांत मिसळण्याचे काम संगणक करतो. निस्सानने २०१७ मध्ये लीफ मोटारीत ‘ई-पेडल’ आणले, तेव्हा एकाच पेडलवर गाडी पूर्ण थांबवणे सामान्य चालकाच्या आवाक्यात आले. हे सगळे खरे कर्तृत्व आहे.

१८/
परंतु १९२९ चा प्रश्न संपला नाही. तो बॅटरीत शिरला. लोणावळ्याला शंभर टक्के चार्ज करून कोणी लगेच घाट उतरू लागला, तर भरलेली बॅटरी वीज घेत नाही आणि पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. बॅटरी फार थंड असतानाही तसेच होते. एका पेडलची सवय लागलेल्या पायाला अशा वेळी दुसरे पेडल तत्काळ आठवले पाहिजे. अनेक गाड्या हा फरक घर्षणाच्या ब्रेकने भरून काढतात, काही काढत नाहीत. घेणारा नसेल तर विजेचा ब्रेक लागत नाही, हा धडा बोरघाटाच्या तारेखाली आणि रावर्थच्या ट्रामवर आधीच गिरवला गेला होता. म्हणूनच त्या ट्रामवर चाकांचे आणि रुळांवर घासणारे ब्रेकही वेगळे ठेवलेले असत.

१९/
मागून येणाऱ्याचाही विचार हवा. पाय ब्रेकवर न ठेवता गाडी वेगाने मंदावली तर मागच्याला कळणार कसे? म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत असा दंडक घातला गेला की केवळ पाय उचलल्याने येणारी मंदगती १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाहून अधिक असेल, तर ब्रेकचा लाल दिवा लागलाच पाहिजे. हा आकडा कोणा एका कंपनीची करामत नव्हे. रस्ता सामाईक आहे, हे मान्य करून समाजाने घातलेली ती अट आहे. घाटातल्या कॅच सायडिंगमागेही हाच विचार होता.

२०/
आणि शेवटी त्या ‘फुकट विजे’विषयी. दीड टनाची मोटार ताशी ६० किलोमीटरवरून थांबली, तर तिच्या गतीत असलेली सगळी ऊर्जा जेमतेम ०.०५८ युनिट भरते. एका युनिटचा सतरावा हिस्सा. तीच मोटार लोणावळ्याहून कर्जतच्या पातळीला उतरली तर सुमारे सव्वादोन युनिट मोकळी होतात, पण ती चढताना आधी खर्चलेली असतात. ब्रेक वीज निर्माण करत नाही. खर्चलेल्यातला काही भाग परत करतो. जड गाडी अधिक परत देते, कारण ती आधी अधिक खाते. परताव्याला उत्पन्न म्हणणारा हिशेबनीस कोणत्याही पेढीवर टिकला नसता.

२१/
आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळायला हवे. खेकड्याची कथा ऐकून ‘पाहा, आमच्या घाटात हे आधीच होते’ असा जयघोष करणे हीदेखील थापच. ते इंजिन विंटरथूर आणि इंग्लंडमध्ये घडले, जीआयपीने आपल्या घाटांसाठी मागवले, आणि त्यातल्या काहींना गव्हर्नरांची नावे दिली गेली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाचे इंजिन आजही दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. ते कोणी चालवले, हे त्या नावावरून कळत नाही.

२२/
येथल्या लोकांचे कर्तृत्व त्या इंजिनाच्या मालकीत शोधू नये. पावसाळ्यात ओल्या रुळांवर, दरडीखालून, धुक्यात, विजेच्या ब्रेकवर मालगाडी उतरवणारे ड्रायव्हर. शेवटच्या डब्यात हातब्रेकजवळ बसलेले गार्ड. घाटातली तार आणि रूळ सांभाळणारे गँगमन यांच्या हातात ते होते. परदेशी यंत्राला ‘खेकडा’ हे नाव देऊन त्याला आपल्या भाषेत आणणारेही तेच. गव्हर्नराचे नाव पितळी पाटीवर राहिले. या माणसांचे ज्ञान बहुतांशी लिहिलेच गेले नाही. अभिमानाचा जयघोषही त्यांची नोंद करत नाही. तो फक्त ‘प्रथमच’ची तारीख मागे नेतो.

२३/
मुंबईच्या मध्य रेल्वेवरील १,५०० व्होल्टची ती यंत्रणा २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने एसी झाली. म्हणजे घाटात तिच्यावर काम केलेली शेवटची पिढी आज निवृत्त होत आहे किंवा नुकतीच झाली आहे. कर्जत, कल्याण, लोणावळा, इगतपुरी येथील रेल्वे वसाहतींत आणि आसपासच्या गावांत ही माणसे राहतात. इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसाठी ‘पहिले कोण’ या वादात घालवलेली प्रत्येक संध्याकाळ म्हणजे त्यांच्यापैकी एखाद्याशी न झालेले बोलणे आहे.

२४/
त्यांना विचारण्याजोगे खूप आहे. उतरताना चढणारी गाडी जवळ आहे हे केबिनमध्ये कशावरून जाणवे? वीज घेणारा कोणी नाही असे झाले तर काट्यावर काय दिसे आणि हात आधी कुठे जाई? नव्या ड्रायव्हरला हे कोण शिकवे आणि किती फेऱ्यांनंतर एकट्याला घाट देत? ही उत्तरे नोंदली गेली तर पुढच्या ‘प्रथमच’ला उत्तर द्यायला कोणा गव्हर्नराच्या पाटीची गरज पडणार नाही. आणि भरलेल्या बॅटरीनिशी घाट उतरणाऱ्या नव्या चालकालाही त्यातून काही शिकता येईल.

(समाप्त)